बंद माइकचा आवाज

माइक हातात आला की माणूस आधी त्याला दोन टपल्या मारतो, मग त्यावर फुंकर घालतो आणि शेवटी ‘हॅलो’ म्हणतो. पुढच्या भाषणात तो टपल्या मारणार नसतो, फुंकर घालणार नसतो आणि ‘हॅलो’ म्हणावं इतकं अनोळखी समोर कोणी बसलेलं नसतं. तरी परीक्षा याच तीन विषयांत होते. टपलीने आतल्या नाजूक पडद्याला दणका बसतो, फुंकरीबरोबर ओलावा जातो आणि तोंडात असेल तर सुपारीही जाते, हे कोणी सांगायला धजत नाही. सांगायचं तर माइकवरूनच सांगावं लागेल आणि माइक परीक्षकाच्या ताब्यात असतो.

म्हणून माइक बिघडला की आरोपी सापडत नाही. त्याला सगळ्या गावाने मारलेलं असतं.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात माइक बिघडणं ही शहरातल्यापेक्षा मोठी घटना आहे. एक तर इथे माणसं विरळ. क्षेत्रफळाने भलामोठा तालुका, पण २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली पन्नास हजारांच्या थोडी वर. उरलेली जागा झाडांची आणि काळी व्याघ्र प्रकल्पातल्या प्राण्यांची. दिवेलागणीनंतर अशी शांतता पसरते की पलीकडच्या वाडीत कोणाची भाकरी थापली जातेय आणि कोणाची करपतेय ते बसल्या जागी कळावं. शहरात खडखड कोणाच्या गणतीतही नसते. इथे ती बातमी असते आणि सकाळपर्यंत चार वाड्यांत पोचलेली असते.

दुसरं म्हणजे दुरुस्तीचं दुकान. ते दांडेलीला, नाहीतर थेट बेळगावला. ‘माइक देऊन येतो’ म्हणून गेलेला माणूस संध्याकाळच्या बसने परततो, माइक परतत नाही. तो तिथे फळीवर बसतो, ‘पार्ट यायचाय’ या एका वाक्यावर पावसाळा काढतो आणि सप्ताह उलटून गेल्यावर जसा गेला तसाच परत येतो, फक्त अंगावर नंबराची चिठ्ठी चिकटवून.

विजेचं म्हणाल तर आमच्याकडे ती तयार होते. जुनं सुपा गाव बुडवून काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला सरकलं, कित्येक घरं उठून रामनगरला वसली आणि धरणाच्या पायथ्याशी गणेशगुडीला जनित्रं फिरू लागली. ती वीज उंच मनोऱ्यांवरून, आमच्या मांडवावरून, थेट लांब कुठेतरी जाते. आम्ही वर बघून तिला वाट देतो आणि खाली जनरेटरच्या टाकीत काडी बुडवून डिझेल किती उरलंय ते पाहतो.

तर सप्ताह चालू होता. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कर्णे दोन, अँप एक आणि माइक तीन. त्यांतले दोन टाळमृदंगासाठी स्टँडवर आणि तिसरा, भारीतला, हातात धरायचा. ह्या तिसऱ्याला इतिहास होता. गोव्यातल्या एका साउंडवाल्याने जुना माल काढला तेव्हा तो इकडे आला. त्याआधीची त्याची सगळी उमेद तियात्रांत, म्हणजे कोकणी गाण्याबजावण्याच्या नाटकांत, गेलेली. कांतारं गाऊन दमलेला तो माइक घाट चढून आला आणि तडक हरिपाठाला लागला. पण तियात्राचा जन्मही गोव्यातला नव्हे, मुंबईतला, १८९२ सालचा. तेव्हा मुलूख बदलण्याची सवय त्याच्या घराण्यातच असावी.

जात मात्र अस्सल. जगभर दिसणारा तोच तो जाळीदार गोळा आणि खाली निमुळती मूठ. शिकागोजवळच्या शुअर कंपनीने १९६६ साली काढलेला एसएम ५८. नावातल्या एसएमचा अर्थ स्टुडिओ मायक्रोफोन; म्हणजे मूळ बेत त्याला बंद खोलीत, काचेमागे, पांढरपेशा वातावरणात ठेवण्याचा होता. पण पुढे तो गावोगावच्या स्टेजवर उतरला तो उतरलाच. त्याच्या आतला भाग बेतणारा अभियंता अर्नी सीलर हा शांत स्वभावाचा, शास्त्रीय संगीतात रमणारा; रॉक संगीत त्याला सोसत नसे असं सांगतात. त्याने माइक पाडून पाहिले, पाण्यात बुडवून पाहिले, शिजवूनसुद्धा पाहिले. एक चाचणी तेवढी राहिली. सप्ताह कमिटीच्या अध्यक्षांकडे देणगीदारांची यादी देऊन तो माइक त्यांच्या हाती सोपवायचा, ही शिकागोकडे कोणाला सुचली नसावी.

तिसऱ्या दिवशीच्या कीर्तनात महाराज रंगात आले. एका जागी उभे राहणाऱ्यांतले ते नव्हेत. दृष्टान्त आला की दोन पावलं पुढे, अभंगाचं चरण आलं की दोन पावलं मागे, आणि माइक या हातातून त्या हातात. माइक डावीकडे कलला की कर्ण्यातून ‘टुक’. उजवीकडे कलला की ‘टुक’. आधी लोकांना वाटलं, टाळकऱ्यांतला कोणी नवीन असावा. मग महाराजांनी ‘ऐका हो’ म्हणत हात उंचावला आणि माइकनेच आधी सांगून टाकलं, ‘टुक’.

कीर्तन संपल्यावर माइकभोवती मंडळी जमली आणि निदान तीन भाषांत सुरू झालं. एकजण म्हणाला, ‘आतमध्ये काहीतरी हाललंय.’ दुसरा म्हणाला, ‘भितर कितें तरी हालता.’ तिसरा, हुबळीकडून आलेला पाहुणा, विचार करून म्हणाला, ‘ओळगे एनो अल्लाडता इदे.’ तिघांनी तेच सांगितलं, पण प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याचं मत वेगळं आहे. तेवढ्यावर अर्धा तास वाद झाला.

मग उपाय. अँपचा ट्रेबल कमी केला. खडखड बसक्या आवाजात येऊ लागली. आवाज वाढवला, खडखडही वाढली. वायर बदलली. अर्थिंगला पाणी घातलं, कारण आमच्याकडे कसलाही बिघाड झाला तरी अर्थिंगला पाणी घालतात. त्याने बिघाड जात नाही, पण तिथली कर्दळ छान वाढली आहे. एका पंचांनी कर्ण्याची दिशा फिरवून बघितली, म्हणजे निदान आमच्या वाडीला खडखड ऐकू येणार नाही.

साउंड सांभाळणारा पोरगा आयटीआय झालेला, कमी बोलणारा. हे सगळं होऊ देऊन तो म्हणाला, ‘काका, आधी पिन काढा.’

‘पिन काढली तर माइक बंद पडेल.’

‘पडू दे. बंद माइकचाच आवाज ऐकायचाय.’

हे ऐकून मांडवात अशी नजरानजर झाली की पोराच्या जेवणखाणाची कोणी चौकशी केली नाही एवढंच. बंद माइकचा आवाज! पण या धंद्यात पहिली पायरी हीच आहे. खडखड हातात आहे की कर्ण्यात आहे, ते आधी ठरवायचं. वायर काढून माइक कानाशी धरला आणि तरी वाजला, तर आत काहीतरी सुटलंय. कानाशी काही वाजत नाही आणि कर्ण्यातून करकर येते, तर वायर, पिन किंवा सोल्डर तपासायचं. आणि एखाद्या ठरावीक स्वरालाच आवाज फाटत असेल तर लोखंडाचा कीस थेट पडद्यापर्यंत गेलेला असू शकतो, नाहीतर कॉइल कुठेतरी घासतेय. पडद्याला चिकटलेली कॉइल चुंबकाच्या अरुंद फटीत हलते. तिथे घुसलेला कण काढायला गेलं की कणाबरोबर पडदाही जातो. मग आतला भाग नवा घालावा लागतो आणि खर्चाच्या वहीत आणखी एक आकडा चढतो.

पोराने माइक कानाशी धरून आडवा केला, हळूहळू उभा केला. ‘टुक.’ परत आडवा. ‘टुक.’ मग पंचांनी मागितला. नारळात पाणी आहे का ते बघावं तसा त्यांनी तो कानाशी धरून जोरात हलवला, मान डोलावली आणि शेजाऱ्याकडे दिला. माइक अख्ख्या मांडवात फिरून आला. हळू कलवायचा असतो, हलवायचा नसतो, हे पोरगा सांगत होता. हलवल्यावर सगळंच वाजतं: जाळीही, हलवणाऱ्याच्या बांगड्याही, खिशातली चिल्लरही. हळू कलवला की जे सुटलंय तेवढंच घसरतं आणि कुठे थांबतं तेही कळतं. बारीक खुरखुर आली तर माती किंवा सोल्डरचा थेंब. पत्र्याची किणकिण आली तर वरची जाळी सैल. आणि असा जड, एकच, ठाम ‘टुक’ आला तर मुठीतला ट्रान्सफॉर्मर.

‘ट्रान्सफॉर्मर सुटलाय,’ पोरगा म्हणाला.

इथे प्रकरणाने वेगळं वळण घेतलं. मागच्या रांगेने एवढंच ऐकलं आणि ते बाहेर गेलं. चहा पिऊन होईतो गावभर झालं की ट्रान्सफॉर्मर सुटला. कोणी मोबाइल चार्जिंगला लावले, कोणी पीठ दळून घ्यायला धावलं, आणि एका जागरूक माणसाने लाइनमनला फोनही केला. लाइनमन भला माणूस. रात्री मोटरसायकलवरून आला, खांबावर बॅटरी मारून बघितली, काही दिसेना. मांडवात येऊन त्याने विचारलं, ‘कुठला ट्रान्सफॉर्मर?’ पोराने मूठ उघडून दाखवली. अंगठ्याएवढासुद्धा नाही. लाइनमन त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. हा सुटला तरी आपल्याला खांबावर चढावं लागत नाही, याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

त्या एवढ्याशा वस्तूचं काम मात्र मोठं. पडद्यामागच्या कॉइलमधून निघणारी वीज इतकी क्षीण असते की लांब वायरीच्या प्रवासात तिचा टिकाव लागायचा नाही. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवून तिला प्रवासालायक करतो. कारखान्यात तो मुठीत चिकटद्रव्याने पक्का बसवलेला असतो. वर्षं गेली, ऊन-पाऊस झाला, माइक दोनचार वेळा पडला की ते द्रव्य धरणं सोडतं आणि ट्रान्सफॉर्मर आपल्याच तारांवर लोंबकळू लागतो. तार केसाएवढी. अजून थोडे दिवस गेले असते तर ती तुटली असती आणि माइक कायमचा गप्प झाला असता. म्हणजे खडखड गेली असती एवढं खरं.

गावाला सुखावणारी एक गोष्ट यातून कळली. ह्या माइकच्या नकला बाजारात उदंड, आणि बऱ्याच नकलांत हा ट्रान्सफॉर्मर घालतच नाहीत. तेव्हा सुटायला काही आहे म्हणजे माल अस्सल. दुसऱ्या दिवशी पंच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, ‘आमचा ओरिजिनल आहे. खडखडतो.’ शेजारच्या गावचा माइक खडखडत नाही, हे ते जरा आवाज खाली आणून सांगत.

सकाळी शस्त्रक्रिया. देवळाच्या सोप्यावर पांढरा कागद अंथरला. पांढराच, कारण स्क्रू पडला तर दिसावा. एकाने मदत म्हणून कानस आणली. पोराने ती त्याच्या हातून घेऊन पायऱ्यांच्या पलीकडे नेऊन ठेवली. माइकच्या पोटात चुंबक असतो. आसपास कानस चालली, लोखंडाचा कीस उडाला, की तो थेट आत जाऊन बसतो आणि तिथून त्याला कोणी उठवू शकत नाही. मग जाळीचा गोळा फिरवून काढला. आतला स्पंज बाहेर आला आणि सोप्यावर सगळे एक पाऊल मागे सरले. तियात्राच्या दिवसांपासूनचे सगळे गायक, वक्ते आणि निवेदक त्यात थोडे थोडे शिल्लक होते. विडी, बडीशेप आणि आणखी एक काही, जे कोणी ओळखलं असलं तरी सप्ताहात बोलून दाखवलं नाही. जाळी आणि स्पंज कोमट पाण्यात साबणाने धुऊन उन्हात ठेवले. माहेरहून आलेल्या एका वहिनीने सुचवलं की बाकीचंही धुऊन टाका ना एकदाच. बाकीच्याला पाणी लागून चालत नाही, हे तिला पटेना. मनाशी तिने पोराला आळशी ठरवलं.

आतला भाग सोडवताना त्याच्या दोन तारा पिळल्या जाऊ नयेत म्हणून पोरगा माइक फिरवण्याऐवजी स्वतः त्याच्याभोवती फिरतो आहे असं दुरून वाटत होतं. तार शाबूत निघाली. आता चिकटवायचं कशाने? एकाने घरच्या न्हाणीसाठी आणलेली सिलिकॉनची अर्धी ट्यूब दिली. पोराने ती उघडली आणि पायरीवर बसलेली आजी नाक वर करून म्हणाली, ‘हे आंबलंय रे. आंबट वास येतोय.’ सगळे हसले. पोरगा हसला नाही. आजीचं नाक बरोबर होतं. आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना त्यातून शिरक्याचं आम्ल सुटतं आणि तांब्याच्या तारा त्याने गंजतात. बिनवासाचंही सिलिकॉन मिळतं, पण ते दांडेलीला. शेवटी शाळेतल्या बाईंनी हस्तकलेची ग्लू गन दिली. वीज गेलेली, म्हणून सप्ताहाचा सबंध जनरेटर चालू केला आणि एवढी जंगी यंत्रणा धडधडत असताना त्या पिचकारीतून करंगळीच्या नखाएवढा गोंद निघाला.

गोंद निवायला थोडाच वेळ लागतो, पण स्पंज काही वाळेना. संध्याकाळी पाऊस शिंतडला. त्या दिवशीचं कीर्तन माइकशिवाय झालं. एरवी कायद्याने रात्री दहाला कर्णे बंद करायचे असतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, सरकारने ठरवलेल्या मोजक्या दिवशीच बारापर्यंत सूट मिळते. म्हणून दहा वाजायला आले की महाराजांची नजर दृष्टान्तावर अर्धी आणि घड्याळावर अर्धी असे. त्या रात्री ना घड्याळ ना कर्णा. महाराजांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत चांगला पोचत होता. तक्रार आली ती फक्त आचाऱ्यांची. कथा शेवटाकडे वळली की भात चढवायचा हा त्यांचा हिशेब कर्ण्यावर चालायचा. त्या रात्री मंडळी कीर्तन संपवून पानावर बसली तेव्हा तांदूळ नुकते धुतले जात होते.

दुसऱ्या दिवशी माइक जोडला. पोराने आधी तो बंद ठेवून कानाशी कलवला. काही नाही. सुरू करून कलवला. काही नाही. टाळ्या पडल्या. हरिपाठ सुरू झाला आणि मृदंगाच्या डाव्या हाताचा ‘धूम’ पडला की कुठूनतरी ‘झर्र’. सगळ्यांच्या माना पोराकडे. पण हा माइक नव्हता. मांडवाच्या पत्र्याचा सैल खिळा त्या एका ठोक्याला दाद देत होता. आजवर माइकच्या खडखडीत त्याची दाद कोणाला ऐकू आली नव्हती. खिळा ठोकला. मग देवळातल्या तसबिरीची काच. तिच्यामागे कागदाची घडी सरकवली. मग अँपवर ठेवलेलं तीर्थाचं भांडं, जे खरं तर अँपवर ठेवायचंच नसतं. एकेक करत गावातलं जे जे सैल होतं ते उघडं पडू लागलं आणि मंडळींना वाटलं, माइक नीट करून चूकच केली की काय.

शेवटी अध्यक्ष उठले. देणगीदारांची यादी उघडली, माइक हातात घेतला, ‘हॅलो’ म्हणाले आणि पहिलं नाव वाचलं. ‘खळ.’ दुसरं नाव. ‘खळ खळ.’ पोरगा धावला नाही. त्याने बसल्या जागेवरून बघितलं आणि नजर खाली वळवली. अध्यक्षांच्या मनगटावर मस्कतहून आलेलं स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. पट्टा सैल, प्रत्येक नावाला हात हलायचा, पट्टा माइकच्या मुठीवर आपटायचा आणि आता निर्दोष झालेला माइक त्याची नोंद गावभर पोचवायचा. अकराशे एक, खळ. पाचशे एक, खळ. खाली बसलेल्या पोरांनी पैज लावली की पाच हजारांना किती वाजेल.

कारण सगळ्यांना दिसत होतं. पण घड्याळ जावयाने आणलेलं होतं, अध्यक्ष ते दाखवण्यासाठीच बाही मागे सारून वाचत असत, आणि मांडवाचा खर्च निम्मा त्यांनीच केलेला. ‘माइक अजून थोडा खडखडतोय वाटतं,’ एक पंच हळूच म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पोरगाही ‘हो’ म्हणाला. तेवढं व्यवहारज्ञान आयटीआयमध्ये शिकवत नाहीत, पण येतं.

रात्री कमिटीची बैठक होऊन ठरलं की हातात धरल्याने माइकला त्रास होतो, तेव्हा अध्यक्षांसाठी एक स्वतंत्र स्टँड घ्यायचा. तो दांडेलीहून आला. काल्याच्या दिवशी अध्यक्षांनी दोन्ही हात मागे बांधून यादी वाचली. खर्चाच्या वहीत नोंद आहे: माइक दुरुस्ती, स्टँडसह. आणि खाली पंचांची सही.